प्रश्नास उत्तर देणारी वाणी : प्रसार भारतीस अनावृत पत्र

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
प्रसार भारती, नवी दिल्ली
यांच्या सेवेशी,

महोदय,



२० नोव्हेंबर २०२४ रोजी, पणजी येथे भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनसमयी, प्रसार भारतीने ‘वेव्हज’ हे आपले व्यासपीठ लोकांस अर्पण केले. त्यापूर्वीच ‘न्यूज ऑन एअर’ या ॲपवरून आकाशवाणीची दोनशेहून अधिक प्रसारणे मोबाइलवर ऐकू येऊ लागली होती. परंतु मनोऱ्यावरून होणाऱ्या प्रक्षेपणास इंटरनेटची जोड देणे वेगळे, आणि श्रोत्याने व प्रेक्षकाने इंटरनेटच्याच वाटेने आपल्याकडे यावे म्हणून संस्थेची सारी घडी नव्याने बसविणे वेगळे. हे दुसरे कार्य आता आपण हाती घेतले आहे. अशी व्यासपीठे संस्थेच्या तळघरात मांडलेल्या चार यंत्रांवर चालत नाहीत. त्यांस क्लाउडचा, म्हणजे मोठमोठ्या डेटा सेंटरांतून गरजेप्रमाणे भाड्याने मिळणाऱ्या संगणकशक्तीचा, आश्रय करावाच लागतो. हे स्थित्यंतर पूर्णत्वास जाण्यापूर्वी एका मराठी श्रोत्याचे म्हणणे आपल्या दप्तरी दाखल व्हावे, एवढ्याच हेतूने हे अनावृत पत्र लिहीत आहे.

प्रथमच सांगितले पाहिजे की हे पत्र विरोधाचे नाही. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले, तेव्हापासून या देशातील नभोवाणीने प्रत्येक पिढीत आपले साधन बदलले आहे. ती कंपनी तीन वर्षांच्या आतच बुडाली, सरकारने तिचा कारभार आपल्या अंगावर घेतला, आणि १९३६ साली तिला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. मध्यमलहरींच्या जोडीला लघुलहरी आल्या, पुढे एफएम आले, उपग्रह आले. दूरदर्शनचे जमिनीवरील ॲनालॉग प्रक्षेपण तर गेल्या काही वर्षांत जवळजवळ सर्वत्र आटोपले. साधनांचा हा क्रम पाहिलेल्या मनुष्यास नवीन साधनाचे भय वाटण्याचे कारण नाही. आज पुणे केंद्राचे ७९२ किलोहर्ट्झवरील किंवा सांगली केंद्राचे १२५१ किलोहर्ट्झवरील प्रसारण दिवसाउजेडी जेथवर पोहोचते, त्याच्या कितीतरी पलीकडे, मस्कतला नोकरी करणाऱ्या किंवा न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी मनुष्याच्या कानी तीच वाणी पडू शकते, हा लाभ सामान्य नव्हे.

क्लाउडच्या बाजूने जो हिशेब मांडला जातो, तोही खराच आहे. प्रक्षेपणाच्या मनोऱ्यास एक श्रोता असो वा दहा लाख असोत, वीज तेवढीच लागते. इंटरनेटवर मात्र प्रत्येक श्रोत्यासाठी स्वतंत्र प्रवाह सोडावा लागतो. सेकंदाला दोन मेगाबिट या साधारण प्रतीच्या चित्रप्रवाहाने एक तासभर कार्यक्रम पाहिला तर सुमारे ९०० मेगाबाइट विदा, म्हणजे डेटा, खर्ची पडते. तोच कार्यक्रम एक लाख लोकांनी एका वेळी पाहिला तर तासाभरात ९० टेराबाइट पुरवावी लागते. आषाढी एकादशीची पंढरपूरची महापूजा, निवडणुकीच्या निकालाचा दिवस, किंवा २३ ऑगस्ट २०२३ ची ती संध्याकाळ, जेव्हा चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरत होते, असे प्रसंग वर्षातून मोजकेच येतात. पण त्या वेळी लोंढा येतो. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना एका खाजगी व्यासपीठावर ५.९ कोटी प्रेक्षक एका क्षणी पाहत होते. एवढ्या गर्दीसाठी स्वतःची यंत्रे विकत घ्यावीत, तर उरलेले वर्षभर ती धूळ खात पडतील. गर्दीच्या घटकेला शेकडो संगणक जोडून घ्यावे आणि गर्दी ओसरताच सोडून द्यावे, हे शहाणपणाचेच धोरण आहे. शिवाय हे संगणक आता परदेशांतच आहेत असेही नाही. ॲमेझॉनने आपले मुंबई क्षेत्र २०१६ सालीच सुरू केले, आणि ऐरोली, रबाळे, महापे या ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जेथे एकेकाळी रसायनांचे कारखाने होते, तेथे आज डेटा सेंटरच्या अवाढव्य इमारती उभ्या आहेत. तेव्हा यंत्रे भाड्याने घ्यावीत की नाही, हा वादाचा विषय उरलेला नाही.

वाद आहे तो हेतूचा. या साऱ्या खटाटोपाचे जे उद्दिष्ट सांगितले जाते, ते म्हणजे लोकांचा सहभाग वाढविणे. परंतु सहभाग म्हणजे काय, याची जी व्याख्या खाजगी व्यासपीठांनी रूढ केली आहे, ती अत्यंत दरिद्री आहे. किती जणांनी बटण दाबले, किती सेकंद थांबले, कुठे कंटाळून निघून गेले, एवढी मोजदाद म्हणजे सहभाग, असे त्यांनी ठरविले आणि साऱ्या जगाने ते मान्य केले. सार्वजनिक प्रसारकाने ही व्याख्या आयात करण्यापूर्वी आपल्याच दप्तरातील एक जुनी नस्ती उघडून पाहावी, अशी माझी विनंती आहे.

ती नस्ती १९५६ सालची आहे. त्या वर्षाच्या पूर्वार्धात युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठीभाषक जिल्ह्यांत, दीडशे गावांतून, शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली. गावात एक रेडिओसंच, त्याच्याभोवती जमलेले पंधरावीस शेतकरी, त्यांचा एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक, अशी साधी रचना होती. पुणे केंद्रावरून शेतीविषयी व ग्रामजीवनाविषयी अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम योजण्यात आले. कार्यक्रम संपला की संच बंद करावयाचा, ऐकलेल्या गोष्टीवर आपसात चर्चा करावयाची, जे पटले नाही किंवा उमगले नाही त्याविषयीचे प्रश्न लिहून काढावयाचे आणि निमंत्रकाने ते पुण्यास धाडावयाचे. तिकडे केंद्रातील मंडळी ते प्रश्न वाचीत, जाणकारांकडून उत्तरे मिळवीत, आणि पुढील कार्यक्रमांतून ती उत्तरे त्या गावास मिळत. ऐका, चर्चा करा, आणि कृती करा, हे त्या उपक्रमाचे सूत्र होते.

उपक्रम आटोपल्यावर टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरॅथ यांनी त्याचे मूल्यमापन केले, आणि ते करताना तुलनेसाठी इतर गावेही घेतली : ज्यांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते अशी काही, आणि ज्यांत दोन्हीही नव्हते अशी काही. निष्कर्ष असा निघाला की मंडळे असलेल्या गावांत शेतकऱ्यांच्या ज्ञानात ठळक वाढ झाली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारशी झाली नव्हती. म्हणजे प्रसारण पोहोचले एवढ्याने काम भागले नाही; ऐकणाऱ्यास बोलता आले, आणि त्याच्या बोलण्यास कोणीतरी उत्तर दिले, तेव्हाच ते ज्ञान अंगी लागले. हा प्रयोग इतका फलदायी ठरला की १९५९ पासून तो देशभर विस्तारण्यात आला. ज्या गोष्टीस आज जग परस्परसंवादी माध्यम म्हणते, ती गोष्ट मराठी शेतकऱ्यांनी टपालाच्या साहाय्याने सत्तर वर्षांपूर्वी सिद्ध करून दाखविली होती, आणि ती आपल्या संस्थेच्या छत्राखाली दाखविली होती.

हीच वृत्ती आकाशवाणीच्या इतर कार्यक्रमांतूनही पाझरत असे. ‘आपली आवड’साठी येणाऱ्या पोस्टकार्डांवर गाण्याच्या नावाबरोबर गावाचे नाव असे, घरातील सर्वांची नावे असत, शेजाऱ्यांचीही असत, आणि निवेदक ती नावे न गाळता वाचीत असे, कारण त्या कार्डाचा मान राखणे हा कार्यक्रमाचाच भाग मानला जात होता. वनिता मंडळास, कामगार सभेस, मुलांच्या कार्यक्रमास जी पत्रे येत, त्यांस उत्तर देणे हे केंद्राचे नित्याचे काम होते. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. श्रोता आपले नाव स्वतःच्या खुशीने कळवीत असे. त्याने न कळविले तर त्याच्याविषयी केंद्रास काहीही ठाऊक होत नसे. १९८० च्या दशकापर्यंत रेडिओसंचासाठी पोस्टातून परवाना घ्यावा लागे, त्यामुळे कोणाच्या घरी संच आहे हे सरकारला माहीत असे. पण त्या संचावर तो मनुष्य रात्री काय ऐकतो, कोणत्या बातमीला तो संच मोठा करतो आणि कोणत्या भाषणाला बंद करतो, हे कोणत्याही दप्तरात कधीही नोंदले गेले नाही.

महोदय, क्लाउडवरील प्रसारणात ही स्थिती नेमकी उलटी होते. तेथे श्रोता स्वतः काहीही न बोलता त्याच्याविषयी सर्व काही नोंदले जाते, आणि तो काही विचारील तर त्याला उत्तर देणारा मात्र कोणी नसतो. या पत्रात मला जे मागावयाचे आहे, ते एका वाक्यात सांगता येईल : यंत्रे भाड्याने घ्या, परंतु १९५६ सालच्या त्या नात्यासाठी घ्या, आणि ते नाते राखण्यासाठी जे तीन अधिकार स्वतःच्या हाती असावे लागतात, ते कोणत्याही करारनाम्याने दुसऱ्याच्या स्वाधीन करू नका.

पहिला अधिकार संग्रहाचा. प्रसार भारती कायद्याच्या बाराव्या कलमात ध्वनी, चित्र व अन्य सामग्रीची ग्रंथालये स्थापून ती सांभाळणे हे महामंडळाचे एक कार्य म्हणून सांगितले आहे. मराठीपुरते बोलावयाचे तर पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ प्रसारित झाले. त्यातील छप्पन्न गीते माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके अशा निरनिराळ्या गायकांच्या कंठांतून प्रथम उमटली, आणि पुढे ध्वनिमुद्रिकांतून घरोघर गेले ते मात्र फडके यांच्या एकट्याच्या स्वरातील. मुंबई केंद्राच्या श्रुतिका, ‘पुन्हा प्रपंच’मधील टेकाडे भावजी व मीनावहिनी, नागपूर केंद्राची १९४८ पासूनची मुद्रणे, २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचणारी तरुण स्मिता पाटील, ‘आमची माती आमची माणसं’, ‘ज्ञानदीप’, ‘गजरा’ : मराठी समाजाने स्वतःचा आवाज जेथे ऐकला आणि स्वतःचा चेहरा जेथे पाहिला, ती ही जागा आहे.

हा ठेवा ज्या फितींवर आहे त्यांचे आयुष्य संपत आले आहे. पाव इंच रुंदीची तपकिरी फीत हातात घेतली तर एका बाजूला तिचे चकचकीत प्लॅस्टिक दिसते आणि दुसऱ्या बाजूला लोहभस्माचा लेप. मुंबईच्या आणि कोकणाच्या दमट हवेत या लेपास धरून ठेवणारे द्रव्य पाणी शोषून चिकट होते, फीत यंत्रावर चढविली की लेप सुटून यंत्राच्या मुखाला चिकटतो, आणि ऐकता ऐकताच आवाज कायमचा खरवडला जातो. दूरचित्रवाणीच्या जुन्या फितींची अवस्था आणखी बिकट आहे, कारण फीत शाबूत असली तरी ती चालविणारे यंत्र आता कोणी बनवीत नाही. फिती महाग म्हणून त्या पुसून पुन्हा वापरण्याची चाल तर जगभर होती. बीबीसीसारख्या संस्थेच्या ‘डॉक्टर हू’ या विख्यात मालिकेचे नव्वदहून अधिक भाग त्यापायी आजही गहाळ आहेत. म्हणून क्लाउडवर काय आधी चढवावयाचे, याचा क्रम लोकप्रियतेच्या अंदाजावरून न ठरविता फितीच्या प्रकृतीवरून ठरवावा. जी फीत पुढच्या पावसाळ्यात मरणार आहे, ती आधी.

आणि नुसती चढविणे पुरेसे नाही. एक तासाची फीत संगणकात घेण्यास एक तास लागतो; पण ती पुढे सापडावी यासाठी तिची नोंद करण्यास त्याहून अधिक श्रम लागतात. कार्यक्रमाचे नाव, तारीख, लेखक, निर्माता, गायक, राग, तबल्याची व संवादिनीची साथ कोणाची, श्रुतिकेत कोणता आवाज कोणाचा, ही माहिती कधी फितीच्या डब्यावरील पिवळ्या चिठ्ठीवर असते, कधी त्या दिवशीच्या क्यू शीटवर, आणि पुष्कळदा केवळ निवृत्त उद्घोषकाच्या स्मरणात. ही नोंद देवनागरीत, मराठीत, व्हावी. रोमन लिपीतील तोडक्यामोडक्या शीर्षकाखाली पुरलेली श्रुतिका असून नसल्यासारखी आहे. येथेच लोकांच्या खऱ्या सहभागाला वाव आहे. ज्या मुद्रणातील आवाज ओळखले गेलेले नाहीत, ती मुद्रणे लोकांसमोर ठेवा. सांगली, रत्नागिरी, परभणी, जळगाव येथील जुने उद्घोषक, नाट्यकर्मी, साथीदार आणि सत्तरी ओलांडलेले श्रोते यांस आवाहन करा. त्यांनी पाठविलेली माहिती पडताळून, त्यांच्या नावानिशी, नोंदीत घाला. हे काम कोणत्याही संगणकास एकट्याने साधणारे नाही, आणि त्यास उशीर करण्याइतके आयुष्य त्या श्रोत्यांपाशी उरलेले नाही.

या संग्रहाच्या ताब्याविषयी करारनाम्यात लेशमात्र संदिग्धता असता कामा नये. वखारीत धान्य ठेवणारा शेतकरी पावती आपल्यापाशी ठेवतो, धान्य आपलेच आहे हे जाणतो, आणि ते ठेवण्याच्या भाड्याप्रमाणेच ते बाहेर काढण्याची हमालीही आधीच ठरवून घेतो. क्लाउडचा व्यवहार याहून निराळा नाही. विदा आत घालण्यास सहसा मोल पडत नाही, बाहेर काढण्यास पडते. आणि मुदत संपल्यावर दुसऱ्या कंपनीकडे जावयाचे झाले तर हेच मोल पायातील बेडी ठरू शकते. तेव्हा बाहेर पडण्याच्या अटी, त्याचा दर आणि त्याची मुदत आरंभीच लिहून घ्यावी. मुद्रणे सर्वमान्य व खुल्या स्वरूपात ठेवावी, एखाद्या कंपनीच्याच यंत्रावर उघडतील अशा स्वरूपात नव्हे. आणि मूळ प्रतीची एक नक्कल क्लाउडच्या बाहेर, आपल्याच ताब्यात, दुसऱ्या शहरी ठेवावी. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथे सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि तेथील शासकीय कर्मचाऱ्यांच्या कामाच्या दस्तऐवजांचे ८५८ टेराबाइटचे भांडार, ज्याची दुसरी प्रत कोठेच नव्हती, भस्मसात झाले. ते केंद्र परक्याचे नव्हते, सरकारच्याच मालकीचे होते. म्हणजे धोका केवळ भाड्याच्या जागेचा नाही, एकाच प्रतीवर विसंबण्याचा आहे.

याच अधिकाराशी निगडित असा कलावंतांचा हक्क आहे. ज्या गायकाने, नटाने किंवा लेखकाने १९६० साली आकाशवाणीच्या करारपत्रावर सही केली, त्याच्या मनात इंटरनेट असणे शक्यच नव्हते. त्याची किंवा त्याच्या वारसांची संमती घेऊन, त्यांस वाजवी मानधन देऊन, मगच ही मुद्रणे जगापुढे ठेवावी. आणि वारस सापडत नाहीत या सबबीवर मुद्रण कुलपातच राहू नये, यासाठी स्वतंत्र तजवीज करावी.

दुसरा अधिकार श्रोत्याच्या खाजगीपणाचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, आणि २०२३ साली व्यक्तिगत विदेच्या संरक्षणाचा कायदाही झाला. परंतु सार्वजनिक प्रसारकाने कायद्याच्या किमान मर्यादेवर थांबू नये. बातम्या, हवामानाचा इशारा, शेतीसल्ला, शालेय पाठ आणि सार्वजनिक संग्रह यांपर्यंत पोहोचण्यासाठी कोणासही आपले नाव, दूरध्वनी क्रमांक वा खाते विचारले जाऊ नये. यंत्रणा नीट चालावी म्हणून जी नोंद अपरिहार्य आहे, ती ठराविक मुदतीनंतर नष्ट व्हावी, आणि जाहिरातदारांच्या किंवा अन्य कोणत्याही खात्याच्या हाती ती पडू नये. वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. ज्या वाणीचा पाया लोकांच्या मालमत्तेवर घातला गेला, तिने साधन बदलले म्हणून त्याच लोकांस विकाऊ नोंदीचे स्वरूप देऊ नये. सरकारविषयी टीकात्मक चर्चा ऐकणाऱ्या मनुष्यास, आपण ती ऐकत आहोत हे कोठेतरी लिहिले जात आहे, अशी शंकाही येता कामा नये; ती शंका आली की ऐकण्याचे स्वातंत्र्य संपलेच.

तिसरा अधिकार, ज्याच्यापाशी इंटरनेट नाही त्याचा. आकाशवाणीचे प्रसारण देशाच्या सुमारे ९२ टक्के भूभागावर आणि ९९ टक्क्यांहून अधिक लोकसंख्येपर्यंत पोहोचते, असे आपलेच निवेदन सांगते. २०२३ च्या जानेवारीत केंद्र सरकारने आकाशवाणी व दूरदर्शनच्या पायाभूत सुविधांसाठी सुमारे २,५३९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तेव्हा आकाशवाणीच्या एफएमची व्याप्ती भूभागाच्या ५९ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर नेण्याचे लक्ष्य ठरविण्यात आले. म्हणजे ते लक्ष्य गाठले तरी एक तृतीयांश भूभाग एफएमच्या बाहेर राहतो, आणि तेथे मध्यमलहरीच उपयोगी पडतात. मेळघाटातील किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरातील पाड्यावर मोबाइलचा संकेत शोधण्यासाठी टेकडी चढावी लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा पात्र सोडून सांगली-कोल्हापुरात शिरल्या, तेव्हा वीज गेली. आणि वीज गेली की मोबाइलचे मनोरे काही तासांतच मुके होतात. अशा रात्री दोन सेलवर चालणारा रेडिओ आणि दूरच्या कोरड्या जागी उभा असलेला प्रक्षेपक, एवढीच व्यवस्था माणसापर्यंत पोहोचू शकते. इंटरनेटवरील श्रोत्यांचे आकडे वाढले, म्हणून मध्यमलहरींचे प्रक्षेपक खर्चाच्या यादीतून वगळावे, असा विचार अंदाजपत्रकाच्या मसुद्यात कधी डोकावला, तर तो तेथेच थांबवावा. क्लाउड ही वाढीव वाट आहे. जुन्या वाटेवरून चालणारे अद्याप लाखो आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळांना दुसरी वाट नाही.

हे तीन अधिकार राखले, तर नव्या साधनाने काय साधता येईल, याचे चित्र मनोहर आहे. मराठवाड्यातील शेतकऱ्याने कापसावरील गुलाबी बोंडअळीविषयी आपल्या बोलीत, आपल्या आवाजात प्रश्न मुद्रित करून पाठवावा; परभणी केंद्रावरील कार्यक्रम अधिकाऱ्याने तो तेथील कृषी विद्यापीठातील जाणकारापुढे ठेवावा; उत्तर त्याच आठवड्यात मध्यमलहरींवरूनही प्रसारित व्हावे आणि संग्रहातही राहावे, म्हणजे पुढील वर्षी तोच प्रश्न पडलेल्या दुसऱ्या शेतकऱ्यास ते विनासायास सापडेल. १९५६ साली दीडशे गावांस जे मिळाले, ते महाराष्ट्रातील चाळीस हजारांहून अधिक गावांस मिळू शकेल, कारण तेव्हा टपालास जे दिवस लागत ते आता लागत नाहीत, आणि तेव्हा हवेत विरून जाणारे उत्तर आता टिकून राहते. मात्र त्यासाठी प्रत्येक केंद्रावर प्रश्न वाचणारी, उत्तर शोधणारी आणि ते मराठीत, अहिराणीत, वऱ्हाडीत, कोकणीत सांगू शकणारी माणसे नेमावी लागतील. यंत्रांच्या भाड्यासाठी तरतूद करताना या माणसांच्या वेतनाची तरतूद झाली नाही, तर सारा खर्च वाया गेला असे समजावे. कारण उत्तर देणारा मनुष्य नसेल तेथे यंत्रांनी कितीही श्रोते गोळा केले, तरी ते केवळ गर्दीचे व्यवस्थापन होय, प्रसारण नव्हे.

म्हणून माझे मागणे असे आहे. क्लाउडविषयीच्या यापुढील प्रत्येक करारात मूळ प्रतींची मालकी, बाहेर पडण्याच्या अटी आणि श्रोत्याच्या नोंदींची मुदत ही तीन कलमे स्पष्टपणे लिहावी, आणि व्यापारी दर वगळून तो करार मराठीसह सर्व भारतीय भाषांत लोकांच्या अवलोकनार्थ ठेवावा. महाराष्ट्र व गोव्यातील प्रत्येक केंद्राच्या फितींची यादी, त्यांच्या प्रकृतीच्या शेऱ्यासह, जाहीर करावी. आणि दरवर्षी संसदेपुढे जो अहवाल आपण ठेवता, त्यात किती जणांनी पाहिले या आकड्याच्या शेजारी आणखी एक आकडा छापावा : लोकांनी किती प्रश्न विचारले आणि त्यांपैकी किती प्रश्नांस आपण उत्तर दिले. पुणे केंद्राने एकदा हा हिशेब ठेवला होता; तो पुन्हा ठेवावा, ही आग्रहाची विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपल्या प्रसारणाचा
एक मराठी श्रोता